मधुमेहाच्या फायलीत नसलेला कागद

२०२३ च्या जून महिन्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि मधुमेहाच्या प्रमाणात गोवा देशात पहिला असल्याचे कळले. देशाचे प्रमाण ११.४ टक्के, गोव्याचे २६.४ टक्के, म्हणजे आपल्याकडे दर चार प्रौढांमागे एकाहून थोडे अधिकच. त्यानंतर बरेच दिवस फोंड्याच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, देवळाच्या अग्रशाळेत हाच विषय चालला होता. कोणी दोन्ही वेळच्या भाताला बोल लावला, कोणी सकाळच्या उंड्याला, कोणी चतुर्थीच्या नेवऱ्यांना, तर कोणी कोपऱ्यावरच्या दुकानातही स्कूटरवरून जाण्याच्या सवयीला. या सगळ्यात तथ्य आहेच. मात्र हे सारे अन्न ज्या तोंडातून आत जाते, त्या तोंडाच्या प्रकृतीविषयी त्या चर्चेत कोणी अवाक्षर काढल्याचे मला आठवत नाही.

आपल्याकडे मधुमेही माणसाच्या घरी एक फाईल असते. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीएवनसी, क्रिएटिनिन, ईसीजी, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, आणि डॉक्टर विशेष काळजी घेणारे असतील तर पावलांना स्पर्श कळतो की नाही याचीही नोंद त्यात सापडते. हिरड्यांचा कागद त्यात नसतो. वास्तविक हॅराल्ड लोए या नॉर्वेजियन दंतशास्त्रज्ञाने १९९३ सालीच हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटले होते. डोळे, मूत्रपिंडे, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि जखम भरण्यास होणारा विलंब हे आधीचे पाच. त्या पाचांची आठवण डॉक्टरांना असते, रुग्णांनाही असते. सहावा मात्र दंतवैद्याच्या दारातच अडकून राहिला, आणि देशात मधुमेह सर्वाधिक असलेल्या राज्याला ते परवडणारे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आजार कसा होतो ते आधी सांगायला हवे, कारण ‘पायोरिया’ हा शब्द सर्वांना ठाऊक असला तरी त्यामागची घडण फारशी कोणी समजून घेत नाही. दात घासल्यावर काही तासांतच त्यांवर जंतूंचा चिकट थर पुन्हा बसू लागतो. तो रोजच्या रोज निघाला नाही तर लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात मुरत जाते आणि तो कठीण होतो. खाडीतल्या खांबांना कालवे धरावीत तसे हे कीटण दाताच्या बुडाशी धरते आणि मग कितीही घासले तरी ब्रशला दाद देत नाही. १९६५ साली लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील आर्हूस येथे निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना दात साफ करणे पूर्णपणे थांबवायला लावले. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्यांना सूज आली, आणि दात घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात ती ओसरली. इथपर्यंत सगळे परत मिळवता येते. दुखणे याच्या पुढे गेले की हिरडी दातापासून सुटू लागते, मध्ये खोबण तयार होते, त्या खोबणीत ब्रश पोचत नाही, आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. हे हाड जंतू खातात असा समज आहे, पण तसे नाही. जंतूंशी झुंजताना शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणाच ते विरघळवत असते. गेलेले हाड सहसा परत येत नाही. आणि या साऱ्या प्रवासात बहुधा दुखत नाही, हाच यातला सर्वांत मोठा घात आहे. कीड लागलेली दाढ माणसाला रात्री उठवून बसवते. हिरडी मात्र वर्षानुवर्षे मुकाट्याने झिजते.

जुन्यांना हे अगदीच अज्ञात होते असे नाही. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळांचे १५ रोग वर्णिले आहेत. त्यांतल्या ‘शीताद’ या रोगात हिरड्यांतून अकारण रक्त येते, त्या मऊ आणि ओलसर होतात, तोंडाला दुर्गंधी येते. ‘उपकुश’ या रोगात हिरड्या पिकतात आणि दात हलू लागतात. आजच्या दंतवैद्याने रुग्णाच्या कागदावर लिहावे इतके हे वर्णन नेमके आहे.

माझ्या आईला मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली. सत्तरी ओलांडल्यावरही तिची साखर गोळ्यांवर बऱ्यापैकी आटोक्यात होती. मग ती हळूहळू चढू लागली. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, गोड खाता का म्हणून विचारले, चालायला सांगितले. आई गोड खात नव्हती. मात्र तिच्या ताटात एक बदल झाला होता, आणि तो घरातल्यांच्याही डोळ्यांसमोर इतक्या हळूहळू झाला की त्याचा साखरेशी काही संबंध असेल असे कोणाच्या मनात आले नाही. नाचणीची भाकरी गेली, उसळ गेली, काकडीची कोशिंबीर गेली, आणि त्यांच्या जागी पेज, चहात बुडवलेला पाव आणि पिकलेले केळे आले. दाढा हलत होत्या, चावताना लागत होते, म्हणून ती मऊ खात होती. जे जे मऊ ते ते साखर झपाट्याने वाढवणारे. हिरड्यांच्या सुजेचा रक्तावर काय परिणाम होतो हे शास्त्र पुढे येईलच. पण त्याच्याही आधी हा साधा, स्वयंपाकघरातला मार्ग आहे, आणि भात-पेज-पावाच्या या प्रदेशात तो दुर्लक्षून चालणार नाही. मधुमेही माणसाला ‘काय खाता’ असे विचारणाऱ्याने ‘काय चावता येते’ हेही विचारले पाहिजे.

फोंड्यातल्या एका तरुण दंतवैद्य बाईंकडे आम्ही गेलो तेव्हा त्यांनी दाढेला हात घालण्यापूर्वी एक बारीक, बोथट टोकाची सळई घेतली. तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा होत्या. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी, हिरडी आणि दात यांच्या मधल्या फटीत ती अलगद उतरवायची आणि खूण कुठवर बुडते ते मोठ्याने सांगायचे. शेजारी बसलेली मदतनीस मुलगी ते आकडे तक्त्यावर लिहून घेत होती. ‘तीन, दोन, तीन. तीन, चार, पाच. पाच, सात, सहा.’ ज्या ज्या ठिकाणी सळई फिरली, तिथे थोड्याच वेळात रक्ताचा ठिपका उमटत होता, आणि त्याचीही वेगळी खूण तक्त्यावर होत होती. तोंड धुवून झाल्यावर आईने विचारले, ‘हे कसले आकडे म्हणत होतीस गो बाय?’ डॉक्टर म्हणाल्या, ‘आजी, हिरडी दातापासून किती खोल सुटली आहे त्याचे मिलिमीटर. तीनपर्यंत चालतात.’ ‘आणि सात?’ ‘सात चालत नाहीत.’ गेल्या कित्येक वर्षांतली आपली उपाशीपोटीची साखर आईला तोंडपाठ आहे, आकड्यांची भाषा तिला कळते. घरी येताना तिने त्या तक्त्याची घडी करून साखरेच्या कागदांच्या वर ठेवली.

असा एखादा आजार तोंडात मुरलेला असतो तेव्हा त्याच्या सुजलेल्या खोबणींचा एकूण पृष्ठभाग ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरतो, असा अंदाज मांडण्यात आलेला आहे. एवढी उघडी, जंतूंनी माखलेली जखम पायावर असती तर मधुमेही माणसाच्या घरात धावाधाव झाली असती. या जखमेतून जंतू आणि त्यांचे विषारी अंश थोडेथोडे रक्तात जात राहतात, शरीर त्यांना प्रतिसाद म्हणून दाह वाढवणारी रसायने सोडते, आणि तीच रसायने इन्शुलिनच्या कामात आडवी येतात. दुसऱ्या बाजूने, रक्तातली वाढलेली साखर पांढऱ्या पेशींना मंद करते, हिरडीच्या ऊतींची दुरुस्ती रोखते आणि दाह अधिक भडकवते. मधुमेह हिरड्या बिघडवतो आणि बिघडलेल्या हिरड्या मधुमेह बिघडवतात. दोन्ही दिशांनी हा व्यवहार चालतो.

हिरड्यांवर उपचार केल्यास साखर खरोखरच खाली येते का, हा यातला कळीचा प्रश्न. २०२२ साली कॉक्रेन या संस्थेने ३५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यांत तीन हजारांहून अधिक रुग्ण होते. हिरड्यांच्या खालून कीटण काढल्यानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी सरासरी ०.४३ टक्के-अंकांनी उतरलेले दिसले. हा आकडा लहान वाटेल. पण मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारले तर ते सांगतील की चालू औषधात आणखी एक गोळी वाढवून कधीकधी एवढेच पदरात पडते. त्याच वर्षी ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक संस्थेने, म्हणजे ‘नाइस’ने, मधुमेही प्रौढांना हिरड्यांच्या आजाराचा धोका अधिक असतो हे सांगून नियमित दंततपासणीचा सल्ला द्यावा, अशी भर आपल्या मार्गदर्शक सूचनांत घातली. आईचे एचबीएवनसीही नंतर उतरले. मात्र तिच्या गोळ्याही त्याच सुमारास बदलल्या होत्या, त्यामुळे त्याचे सारे श्रेय मी हिरड्यांना देणार नाही. भाकरी तिच्या ताटात परत आली, एवढे मी खात्रीने लिहू शकते.

इथे थोडे थांबून हृदयविकाराविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण ‘दात घासा, हार्ट अटॅक टाळा’ अशा धर्तीचे संदेश मोबाइलवर सतत फिरत असतात आणि त्यांनी मूळ विषयाचे नुकसान होते. १९८९ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांच्या तोंडाची अवस्था इतरांपेक्षा वाईट असल्याचे दाखवले, आणि त्यानंतर हा संबंध अनेक देशांत पुन्हापुन्हा आढळला. परंतु धूम्रपान, मधुमेह, गरिबी या गोष्टी दोन्ही आजारांच्या मुळाशी असतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सर्व पुरावा तपासून असे म्हटले की संबंध आहे, पण हिरड्यांच्या आजारामुळेच हृदयविकार होतो हे सिद्ध झालेले नाही, आणि हिरड्यांच्या उपचाराने तो टळतो हेही नाही. गरोदरपणाबाबतही असेच झाले. हिरड्यांचा आजार आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा संबंध १९९६ साली पुढे आला. पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत गरोदरपणी केलेल्या उपचाराने अशा प्रसूती कमी झाल्या नाहीत. त्याच चाचणीने हेही दाखवले की गरोदरपणी हिरड्यांचा उपचार सुरक्षित असतो, आणि ‘दिवस गेलेत, आता दातांना हात नको’ असे सांगणाऱ्या आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांपर्यंत हे पोचायला हवे.

हृदयाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे किंवा ज्यांना पूर्वी हृदयाच्या आतील अस्तराचा जंतुसंसर्ग होऊन गेला आहे, त्यांच्यासाठी तोंडातले जंतू खरोखरच जिवावर बेतू शकतात, आणि म्हणून दात काढण्यापूर्वी त्यांना प्रतिजैविक दिले जाते. अशा रुग्णाने दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्याआधी हे स्वतःहून सांगितले पाहिजे. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर तीही सांगावी, स्वतःच्या मनाने बंद करू नये. रक्तदाबासाठी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी अॅम्लोडिपिन काही जणांत हिरड्या फुगवते, हेही फार थोड्यांना माहीत असते.

पुराव्यापेक्षा पुढे धावल्याने काय होते, याचा इतिहास भयंकर आहे. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी माँट्रियल येथील व्याख्यानात तोंडातली घाण हे अनेक आजारांचे मूळ असल्याचे आवेशाने मांडले. पुढची दोन-तीन दशके संधिवातापासून मानसिक आजारापर्यंत कशासाठीही लोकांचे दात सरसकट उपटले गेले. अमेरिकेत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी वेड बरे करण्यासाठी रुग्णांचे दात, टॉन्सिल आणि अखेर मोठी आतडीही काढली. त्या शस्त्रक्रियांत कित्येक जण दगावले. या अतिरेकाची प्रतिक्रिया म्हणून नंतरच्या पिढीतल्या डॉक्टरांनी तोंडाकडे पाहणेच सोडले, आणि मला वाटते की मधुमेहाच्या फायलीतली आजची रिकामी जागा काही अंशी त्याच प्रतिक्रियेतून आलेली आहे. तोंडाचे शास्त्र आणि शरीराचे शास्त्र यांची शाळाही वेगळी पडली. गोव्यात वैद्यकीय शिक्षणाची संस्था १८४२ साली उभी राहिली; दंत महाविद्यालय यायला १९८० साल उजाडावे लागले. आज ती दोन्ही बांबोळीतच आहेत, बसमधून उतरून दोन्हीकडे जाता येते.

आपल्याकडे या विषयावर बोलू लागले की कोणीतरी हमखास आपल्या आजोबांचे उदाहरण देतो. त्यांनी जन्मभर आंब्याच्या पानाने नाहीतर राखेने दात घासले, दंतवैद्याचे तोंड पाहिले नाही, आणि नव्वदीत ते सुपारी फोडत होते. उदाहरण खोटे नसते. लोए यांनीच श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरील ४८० मजुरांचा १९७० पासून पंधरा वर्षे मागोवा घेतला. त्यांच्यापैकी कोणालाही दंतोपचार मिळत नव्हते, सर्वांच्या दातांवर कीटणाचे थर होते. तरीही सुमारे ११ टक्के मजुरांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही, ८१ टक्क्यांचा सावकाश वाढला, आणि ८ टक्क्यांचा इतक्या वेगाने वाढला की पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे जवळजवळ सर्व दात गेले. ज्यांचे आजोबा त्या अकरा टक्क्यांतले, त्यांनी आनंद मानावा. आपण कोणत्या गटात आहोत हे आरशात पाहून कळत नाही, ते त्या मिलिमीटरच्या सळईनेच कळते. आणि मधुमेह असेल तर पारडे आधीच एका बाजूला झुकलेले असते.

तंबाखूचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. मशेरीने हिरड्या घट्ट होतात ही आपल्या गावांतल्या स्त्रियांची पक्की समजूत आहे, आणि ट्यूबमधून मिळणारी तपकिरीची पेस्ट तर दात स्वच्छ करण्याच्या नावाखालीच गोव्यात घराघरांत शिरली. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर भारत सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. सवय मात्र अधिसूचनेने सुटत नाही. धूम्रपानाची बाब आणखी फसवी आहे, कारण तंबाखूमुळे हिरड्यांतून रक्त कमी येते. हाड झिजत असते आणि धोक्याची एकुलती एक खूण पुसलेली असते.

दुसरी एक समजूत मी सुशिक्षित घरांतही ऐकते. दात ‘क्लीन’ करून घेतले की ते हलू लागतात, फटी पडतात, म्हणून त्या वाटेला जाऊ नये. कीटणाने फटी बुजवलेल्या असतात आणि सुजलेली हिरडी वर आलेली असते. कीटण निघाले, सूज उतरली की आधीपासूनच गेलेल्या हाडाची जागा उघडी पडते आणि दोष उपचाराच्या माथी येतो. आईलाही पहिल्या बैठकीनंतर जीभ सारखी त्या मोकळ्या जागेत जाते म्हणून अस्वस्थ वाटत होते. डॉक्टरांनी तिला आरसा धरून खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू दाखवली. लाळेच्या ग्रंथींची तोंडे तिथेच उघडत असल्यामुळे कीटण तिथे सर्वांत जास्त साचते. काढलेला पिवळट-तपकिरी तुकडा कापसावर ठेवलेला होता, बोटाने दाबला तरी न फुटणारा. एवढी वस्तू आपल्या जिभेमागे होती हे पाहिल्यावर तिने पुढच्या बैठकीची तारीख स्वतःच मागून घेतली. दात घासताना रक्त येते म्हणून ती जागा सोडून घासणे, ही याच समजुतीची धाकटी बहीण. रक्त येते तिथेच मऊ ब्रश अधिक काळजीने फिरवायचा असतो, दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर तिरका धरून. ही पद्धत चार्ल्स बास यांच्या नावाने ओळखली जाते, आणि हे बास दंतवैद्य नव्हते, अमेरिकेतल्या टुलेन विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकवणारे डॉक्टर होते, ही गोष्ट मला फार आश्वासक वाटते.

शेवटी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांविषयी. मुले आखातात, पोर्तुगालमध्ये किंवा इंग्लंडमध्ये आणि घरात म्हातारी माणसे पगारी मदतनिसाच्या हवाली, हे चित्र गोव्यात आता गावोगाव आहे. त्यांच्यासाठी तोंडाची निगा आणि आजारपण यांचा संबंध सर्वांत थेट आहे, कारण गिळण्याची शक्ती मंदावल्यावर तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसांत उतरतात. जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे चाललेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज दुसऱ्याने दात साफ करून दिलेल्या वृद्धांपैकी ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, तर तशी निगा न मिळालेल्यांत हे प्रमाण १९ टक्के होते. मदतनिसाला कामे सांगताना जेवण, गोळ्या, अंघोळ आणि कूस बदलणे यांच्या यादीत तोंडाची सफाई नावानिशी सांगावी, आणि ती करून दाखवावी. माणसाला शक्य तितके उठवून बसवावे, नाहीतर कुशीवर वळवावे. मऊ ब्रशने, अगदी थोड्या पेस्टने दात आणि जीभ साफ करावी. दात नसतील तरी हिरड्या आणि गालांची आतली बाजू ओल्या, पिळलेल्या गॉजने पुसावी. कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवावी. आणि चूळ भरता येत नसलेल्या माणसाच्या तोंडात आडवे असताना पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते.